लायसन्सचे पहिले वर्ष

रस्ता सुरक्षेवर बोलायला कॉलेजात गेलो की समोर नातवंडे असतात आणि सोसायटीच्या गणेशोत्सवात बोलावले तर आजोबा. प्रश्न दोन्हीकडे एकच येतो, बोट तेवढे उलट दिशेला. आजोबा म्हणतात, "ही पोरं गाडी चालवत नाहीत, उडवतात." मुले म्हणतात, "सर, काका लोक भर रस्त्याच्या मधून तीसच्या स्पीडनं जातात आणि इंडिकेटर न देता उजवीकडे वळतात, त्याचं काय?" वाहतूक अभियंता म्हणून माझे बहुतेक आयुष्य अपघातांचे नकाशे आणि पंचनामे वाचण्यात गेले आहे. त्या आधारावर या प्रश्नाचे उत्तर देता येते: हो, तरुण चालक कमी सुरक्षित असतात. पण ते तसे का असतात हे समजून घेतले नाही, तर या उत्तराचा उपयोग ना आजोबांना, ना नातवाला.

पुराव्यादाखल लोक जो आकडा देतात, त्याने ही गोष्ट सिद्ध होत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ६६.५ टक्के १८ ते ४५ वयोगटातली होती. यावरून 'तरुणाईचा बेदरकारपणा' असे मथळे होतात. हे वय मेलेल्यांचे आहे, वाहन चालवणाऱ्यांचे नव्हे. त्यात स्कूटरवर मागे बसलेली बहीण आहे, पहाटे पायी कामाला निघालेला मजूर आहे. त्या वर्षी बत्तीस हजारांहून अधिक पादचारीच गेले. शिवाय मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते. पंचविशीतला माणूस आपल्याकडे दुचाकीवर असतो, पन्नाशीतला बऱ्याचदा चारचाकीत पट्टा लावून बसलेला असतो. चूक दोघांची एकच असली तरी एकाच्या बंपरला पोचा येतो आणि दुसऱ्याचे डोके दुभाजकावर आपटते. कोण किती किलोमीटर चालवतो, हे त्या अहवालात मोजलेलेच नसते. रोज साठ किलोमीटर बाइक मारणारा डिलिव्हरीवाला आणि रविवारी देवळापर्यंत गाडी काढणारे निवृत्त गृहस्थ एका तराजूत घालून काहीच कळत नाही.

किलोमीटर मोजणारे देश आहेत. अमेरिकेत दर मैलामागे प्राणघातक अपघात मोजले, तर १६ ते १९ वयाच्या चालकांचा दर वीस वर्षांवरच्यांच्या जवळजवळ तिप्पट भरतो. नंतर तो उतरत जातो, तिशी ते साठीपर्यंत बराचसा सपाट राहतो आणि सत्तरीनंतर पुन्हा चढू लागतो. आलेख काढला तर दोन्ही टोके वर गेलेली दिसतात. म्हणजे कॉलेजातली मुले आणि सोसायटीतले आजोबा, दोघेही थोडे थोडे बरोबर आहेत.

मला या आलेखाचे डावे टोक जास्त महत्त्वाचे वाटते, कारण तिथे एक गोष्ट दडलेली आहे. त्याच वयाच्या मुलांची नोंद महिन्यामहिन्याने लावून पाहिली, तर शिकाऊ काळात, शेजारी आई किंवा वडील बसलेले असताना, त्यांचे अपघात अगदी कमी असतात. पक्के लायसन्स हातात आले आणि मूल एकटे रस्त्यावर निघाले की पहिल्या काही आठवड्यांत अपघात एकदम उसळतात. पुढच्या सहा-सात महिन्यांत ते झपाट्याने खाली येतात. आता सहा महिन्यांत कोणाचा स्वभाव बदलत नाही, मेंदूही प्रौढ होत नाही. ब्रिटनच्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेने १९९१ मध्ये सराव आणि वय या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. पहिल्या वर्षात धोका जेवढा उतरतो, त्यात मोठा वाटा सरावाचा आणि लहान वाटा वाढलेल्या वयाचा निघाला.

सरावाने नेमके काय बदलते? हात-पाय तर महिनाभरात तयार होतात. हाफ क्लचवर चढ चढवणे, रिव्हर्स, आरटीओच्या मैदानातला आठचा आकडा, सगळे जमते. उशिरा तयार होते ती नजर. मोरांट आणि रॉकवेल या अमेरिकी संशोधकांनी १९७२ मध्ये चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. नवखे बोनेटच्या जवळचाच रस्ता पाहत होते आणि आरसे क्वचित. मुरलेल्या चालकांची नजर दूरवर आणि दोन्ही बाजूंना फिरत होती. आपल्या रस्त्यांवर याचा अर्थ फार मोठा आहे. ऊसतोडीचे दिवस घ्या. गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगरच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. बहुतेकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने किंवा उसानेच झाकलेले. वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला हेडलाइटच्या उजेडात डांबरावर पडलेल्या चार कांड्या दिसतात आणि त्याचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. नवख्यालाही त्या कांड्या दिसतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. त्याला ट्रॉली दिसते तेव्हा ती समोर भिंतीसारखी उभी असते. थांबलेल्या एसटीच्या पुढून कोणीतरी धावत येणार, उभ्या रिक्षाचे पुढचे चाक वळलेले आहे म्हणजे ती आत्ता निघणार, गोठ्यासमोरचा रस्ता ओला असणार: हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही आणि ते अंगात भिनायला रस्त्यावर तास घालवावे लागतात.

"आमचे रिफ्लेक्स फास्ट आहेत सर," असे मुले सांगतात. खरे आहे ते. पण हिशेब करून पाहू. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते. वीस वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या माणसापेक्षा अर्धा सेकंद आधी ब्रेक दाबला, तर त्याचे आठ मीटर वाचले. मुरलेल्या चालकाने धोका दोन सेकंद आधी ओळखला, तर त्याचे तेहतीस मीटर वाचले. चपळाई या फरकाला पुरी पडत नाही.

म्हणून वय निरपराध आहे असे मी म्हणणार नाही. मोह आवरणारा, परिणाम तोलणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, आणि सोबतीला मित्र असले की त्याची परीक्षा होते. अमेरिकेतल्या प्राणघातक अपघातांचा एक अभ्यास २००० मध्ये तिथल्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सोळा वर्षांचा चालक एकटा असताना त्याला असलेला मृत्यूचा धोका १ धरला, तर एक प्रवासी सोबत असताना तो १.३९ होतो, दोन असताना १.८६ आणि तीन किंवा अधिक असताना २.८२. मोठ्या वयाच्या चालकांत असे होत नाही. तोच मुलगा आईला शेजारी बसवून नीट चालवतो आणि तीन मित्रांना घेऊन लोणावळ्याला निघाला की वेगळाच चालक असतो. त्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, कारण ही परिस्थिती आपल्याला आधी ठाऊक आहे आणि आपण ती टाळू शकतो.

ती कौशल्य शिकवून टळत नाही, हेही सांगायला हवे, कारण 'ॲडव्हान्स ड्रायव्हिंग'चे वर्ग लावणारे पालक आता भेटू लागले आहेत. नॉर्वेने १९७९ मध्ये नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर घसरलेली गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. नंतर तपासले, तर तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात वाढले होते. गाडी सावरता येते असा भरवसा आला आणि वेग वाढला.

उपयोगी पडतात ते देखरेखीखालचे तास आणि टप्प्याटप्प्याने दिलेली मोकळीक. स्वीडनने १९९३ मध्ये शिकाऊ वय साडेसतरावरून सोळावर आणले, एकट्याने चालवण्याचे वय मात्र अठराच ठेवले. लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांनी लायसन्सआधी मोठ्यांच्या सोबतीने सरासरी सुमारे १२० तास गाडी चालवली आणि त्यांचे पुढचे अपघात लक्षणीय घटले. न्यूझीलंडने १९८७ मध्ये तीन टप्प्यांचे लायसन्स आणले: शिकाऊ, मर्यादित, पूर्ण. मर्यादित काळात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही आणि अनुभवी चालक शेजारी नसेल तर मित्रांना बसवायचे नाही. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेतली राज्ये, सगळ्यांनी पुढे या ना त्या रूपात हेच केले.

आता आपल्याकडे या. नियमानुसार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये खाजगी गाडीसाठी किमान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास. स्वीडनचे ते १२० तास शेजारी ठेवून पाहा. शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी. ब्रिटनने २००२ पासून चित्रफीत दाखवून धोका ओळखण्याची परीक्षा सुरू केली. आपल्या चाचणीत गाडी वळवता येते का हे पाहतात, धोका ओळखता येतो का हे नाही. शिकाऊ मोटारसायकलस्वाराने शिकवणाऱ्याखेरीज कोणाला मागे बसवू नये असा आपला नियम आहे, तो चांगला आहे. पण पक्के लायसन्स मिळालेल्या दिवशीच संध्याकाळी तोच मुलगा मित्राला मागे घेऊन अंधारात ताम्हिणी घाट उतरू शकतो आणि कायदा त्याला अडवत नाही. तिशीच्या आत घेतलेले लायसन्स चाळिशीपर्यंत चालते. अठराव्या वर्षी एकदा तपासलेला चालक आपण बावीस वर्षे पुन्हा पाहत नाही.

त्याहून मोठी अडचण दुचाकीची आहे. जगभरात सर्वांत सुरक्षित ठरलेला टप्पा म्हणजे शेजारी जाणते माणूस बसलेले असणे. दुचाकीला 'शेजारी' नसतोच. गावाकडची मुले तेराव्या-चौदाव्या वर्षी थोरल्या भावाची मोटारसायकल घेऊन शेताच्या रस्त्यावर शिकतात, शहरातली मित्राकडून. कायद्याने सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतचे वाहन चालवता येते. १९७२ मध्ये पुण्यात लूना आली आणि त्या वर्गातल्या मोपेडवर एक अख्खी पिढी हळू वेगात रस्ता वाचायला शिकली. आज बाजारात तसे वाहन जवळजवळ उरले नाही, आणि मूल सायकलवरून थेट ११० किंवा १५० सीसीवर जाते. ताशी २५ च्या आत चालणाऱ्या, लायसन्स न लागणाऱ्या छोट्या विजेच्या स्कूटर त्या जुन्या पायरीची जागा घेऊ शकतील असे मला वाटते, अर्थात हेल्मेट सक्तीचे करून.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्याला जामीन मिळाला आणि महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्त होता. अल्पवयीनाला गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, ही तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. ती राबवली पाहिजे. पण सतरा वर्षे आणि अकरा महिन्यांच्या मुलाबद्दल आपण जेवढे बोलतो, तेवढे अठरा वर्षे एक महिन्याच्या, सगळी कागदपत्रे खिशात असलेल्या मुलाबद्दल बोलत नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या पंचनाम्यांत तो कितीतरी जास्त भेटतो.

किमान वय एकवीस करा, असेही सुचवले जाते. त्याने नवखेपण तीन वर्षे पुढे ढकलले जाईल, नाहीसे होणार नाही. मुलांची शिक्षणे उरकल्यावर पंचेचाळिशीत गाडी शिकणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्याही पहिल्या वर्षी चढावर गाडी बंद पाडतात, आरसा घासतात, अंतर चुकतात. रात्री तीन मैत्रिणींसमोर शर्यत लावत नाहीत, म्हणून त्यांच्या चुका बहुधा गॅरेजच्या बिलावर भागतात.

आजोबांच्या बाजूचे टोक वेगळ्या कारणाने वर जाते. सत्तरीनंतर दर मैलामागे मृत्यू वाढतात, पण त्यात मोठा वाटा ठिसूळ झालेल्या शरीराचा आहे. ज्या धडकेत तिशीतला माणूस बरगडी मोडून घरी जातो, त्यात पंचाहत्तरीचा माणूस वाचत नाही. कमी गाडी चालवणारे वृद्ध शहरातल्या चौकाचौकांतच फिरतात, त्यामुळेही त्यांचा दर फुगतो. वर्षाला तेवढेच अंतर चालवणाऱ्या मध्यमवयीनांशी तुलना केली तर फरक बराच मावळतो. खरी अडचण डोळ्यांची, मानेची आणि उजवीकडे वळताना समोरच्या गाडीचा वेग जोखण्याची. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बहुतेकांना हे न सांगता कळते, आणि ते संध्याकाळनंतर गाडी काढत नाहीत. एवढ्या शहाणपणाने वागणाऱ्या माणसांच्या हातून केवळ वयाकडे बोट दाखवून किल्ली काढून घेणे मला अन्यायाचे वाटते. जपानने पंचाहत्तरीपुढच्यांना नूतनीकरणाच्या वेळी स्मृती आणि आकलनाची चाचणी लावली. आपल्याकडे चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो. तो नीट तपासून दिला, मोतीबिंदू आणि मधुमेहाची औषधे पाहून दिला, तरी पुष्कळ साधेल.

शासनाकडे माझी मागणी छोटी आहे. अपघाताच्या नोंदीत चालकाचे वय लिहिले जाते. लायसन्स कधी दिले, ते 'सारथी' प्रणालीत असते. या दोन नोंदी जोडून दरवर्षी छापाव्यात: अपघात झाला तेव्हा लायसन्स किती महिन्यांचे होते. तो तक्ता समोर आला की पहिल्या वर्षाच्या मर्यादित लायसन्ससाठी मला वेगळा युक्तिवाद करावा लागणार नाही.

तोवर पालकांना मी घरातला नियम सांगतो. गेल्या वर्षी व्याख्यानानंतर एका आईने विचारले, "सर, पाडव्याला मुलासाठी बाइक बुक केली आहे. अठरा पूर्ण झालीत. देऊ ना?" मी म्हटले, द्या, ताई. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचे, त्याच्या मापाचे, बाइकबरोबरच घ्या. पहिले सहा महिने मागे मित्र बसवायचा नाही. रात्री नऊनंतर बाइक निघणार नाही. उशीर झाला तर फोन करायचा, आणि तुम्ही न ओरडता आणायला जायचे. पहिले दोन महिने हायवे नाही, घाट नाही. शनिवारी त्याच्या वडिलांनी दुसऱ्या गाडीवर मागून तासभर जायचे आणि घरी आल्यावर त्याला विचारायचे, की वाटेत तुला काय काय दिसले.