जिप्सीचं फुप्फुस

टायरमधली हवा काढायला काही म्हणजे काही लागत नाही. एक काडी, एक मिनिट आणि थोडासा माज. ती परत भरायला काय लागतं हे कळायला मात्र आम्हाला खुरी-जैसलमेर रस्त्यावरची एक रात्र, बाबांच्या कपाळावरचे चार टाके आणि भोसरीतले तीन रविवार लागले.

तर झालं असं. डिसेंबर २०२३. दादाची जिप्सी, दादा, मी आणि नुकतेच रिटायर झालेले बाबा. पुणे ते जैसलमेर, व्हाया अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर. ज्यांनी जिप्सीतून लांबचा प्रवास केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पुढेमागे पाटे, एसीच्या नावाने शंख आणि ऐंशीच्या पुढे गेलं की गाडीतल्या गाडीत ओरडून बोलायचं. आई म्हणाली होती, ‘ट्रेनने जा.’ आयांचं ऐकलं असतं तर असले लेख लिहिलेच गेले नसते. असो.

जैसलमेरला जाणारे सगळे वाळू बघायला समला जातात. शहरापासून चाळीसेक किलोमीटर. उंट, जीप, तंबू, डीजे... थोडक्यात आपला लोणावळा, फक्त वाळूचा. आम्हाला शांतता हवी होती म्हणून आम्ही नैर्ऋत्येला, खुरीला गेलो. पन्नासेक किलोमीटर, अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना खेजडीची झाडं आणि सेवण गवताचे झुपके. मग एकदम गाव संपतं आणि वाळू सुरू होते. चार वाजताचं तिरकं ऊन, वाऱ्याने पाडलेल्या बारीक लाटा आणि त्यावर एका भुंग्याच्या पायांची रांगोळी. बाबा चक्क चपला हातात घेऊन चालायला लागले. त्यांना असं मी कधीच बघितलं नव्हतं.

कॅम्पवरच्या जीपवाल्याने आमच्या चाकांकडे बघूनच सांगितलं, ‘हवा कम करो, नहीं तो बैठ जाएगी.’ मी व्हीलवर होते. मी म्हटलं, ‘आणि परत भरायची कुठे?’ आमच्याकडे सिगारेट लायटरमध्ये खुपसायचा तो खेळण्यातला पंप होता. अहमदाबादच्या अलीकडे एक टायर भरताना तो इतका तापला होता की हातात धरवेना. त्यामुळे बाईसाहेब तीस पीएसआयवरच वाळूत शिरल्या. तिसऱ्या टेकाडावर गाडी बसली. अ‍ॅक्सिलरेटर दिला तशी आणखी बसली. दीड तास फावडं, पायपुसणी, धक्का, सगळं झालं. शेवटी हवा काढलीच. चारही चाकं पंधरावर आणली आणि गाडी अशी बाहेर आली, जणू काही झालंच नव्हतं!

यात जादू नाही. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा त्याचा ठसा लांब होतो आणि गाडीचं वजन जास्त वाळूवर वाटलं जातं. उंटाचा पाय आठवा, रुंद आणि मऊ. १९२०-३०च्या काळात राल्फ बॅगनॉल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात भटकायचा, तो हीच युक्ती वापरायचा. पुढे या गृहस्थाने १९४१ साली वाळू वाऱ्याने कशी उडते, टेकड्या कशा बनतात यावर अख्खं पुस्तक लिहिलं. सुट्टीचा इतका सदुपयोग आपल्याला कधी जमणार?

पण वाळूतला मित्र डांबरावर वैरी होतो. मऊ टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूने वाकतो, वाकून वाकून तापतो आणि तापला की आतून सुटायला लागतो. मला हे माहीत नव्हतं का? होतं. पण अंधार पडला होता, पंपाने पहिल्याच चाकाला मान टाकली होती, ‘हळू जाऊ, पोचू’ असं आम्ही ठरवलं आणि मग हळूचं साठ कधी झालं, कळलं नाही. मागचा डावा टायर फाटला. गाडी सरकली, रस्ता सोडून गवतात शिरली आणि थांबली. उलटली नाही. मागच्या सीटवर बसलेले बाबा लोखंडी बारवर आपटले.

रक्त फार वाटलं, म्हणजे कपाळाचं वाटतंच. दादाने टॉर्चच्या उजेडात स्टेपनी चढवली आणि तेव्हा आम्हाला समजलं की स्टेपनीतही हवा नाही. (हसू नका. तुमच्या गाडीतली स्टेपनी शेवटची कधी तपासलीत?)

अर्ध्या तासाने एक ट्रक आला, जैसलमेरच्या पिवळ्या दगडाने भरलेला. ड्रायव्हर उतरला, बाबांच्या कपाळाकडे बघितलं, चाकांकडे बघितलं आणि म्हणाला, ‘हवा ही चाहिए ना? ले लो.’ सीटमागून त्याने पिवळ्या पाइपचं वेटोळं काढलं, एक टोक ट्रकच्या खाली कुठेतरी जोडलं आणि इंजिन चालू ठेवून आमची स्टेपनी आणि तिन्ही चाकं भरून दिली. पैसे घेतले नाहीत, उलट मला म्हणाला, ‘बिना हवा के रेत में क्यूँ आते हो?’

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्यामुळे त्याच्या इंजिनवर कॉम्प्रेसर असतो आणि चासीखाली हवेच्या टाक्या. म्हणजे ट्रकला फुप्फुस जन्मजात असतं. आमच्या जिप्सीला नव्हतं.

जैसलमेरला रात्री दहाला टाके पडले. बाबा एक शब्द बोलले नाहीत. पुण्याला ते ट्रेनने परतले. त्यानंतर सहा महिने जिप्सी पार्किंगमध्ये कव्हरखाली होती. बाबा खाली उतरले की तिच्याकडे न बघता जायचे. दादाने विकायची जाहिरातसुद्धा लिहिली, टाकली मात्र नाही. आणि मी? मी टॅक्सीत बसले तरी मागे बसलेल्या माणसाच्या डोक्यासमोर काय आहे ते बघायचे.

जूनमध्ये दादा म्हणाला, ‘कॉम्प्रेसर बसवू. गाडीतच. कायमचा.’

आता थोडी भोसरी. आयटीतल्या मंडळींना भोसरी म्हणजे नाशिक हायवेवरचा ट्रॅफिक जॅम. पण एमआयडीसीत शिरलात तर लेथ, ग्राइंडर, पावडर कोटिंग, स्प्रिंगा... जगातली कुठलीही गोष्ट इथे कुणीतरी बनवत असतं, नाहीतर दुरुस्त करत असतं. रविवारी शटर अर्धी खाली असतात आणि आतून रेडिओ ऐकू येतो. आमचं गॅरेज अशाच एका गल्लीत. काकांनी बॉनेट उघडलं आणि खूश झाले. जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन त्या पेटीत लहान मुलाने बापाचा शर्ट घातल्यासारखं दिसतं. जागाच जागा!

तरी वाद झालाच. दादाला कॉम्प्रेसर सीटखाली हवा होता. तिथे उष्णता नाही, पाणी नाही. काका म्हणाले, ‘आवाज ऐकून वेडे व्हाल.’ शेवटी बॉनेटखालीच, पण एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला आणि जमेल तितकं उंच. ब्रॅकेट पाच एमएमच्या पट्टीचं, कारण काकांच्या मते जिप्सीचे धक्के पातळ पत्रा सहा महिन्यांत चिरतात. नट सगळे नायलॉक. हवा आत घेण्याचं तोंड मात्र पाइप लावून केबिनमध्ये आणलं. बॉनेटखालची धूळ ओढत बसला तर कॉम्प्रेसर वाळूच खाणार ना!

पहिला रविवार वायरिंगमध्ये गेला. आमचा बारा व्होल्टचा नग जोर लावताना तीसेक अँपिअर खातो. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज असतो दहा-पंधराचा, म्हणजे तिकडे बघायचंच नाही. थेट बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर चाळीसचा फ्यूज, मग रिले. डॅशबोर्डवरचं बटण फक्त रिलेला हुकूम देतं, खरा करंट त्यातून जातच नाही. फ्यूज बॅटरीजवळच का? वायर मध्येच कुठे घासून बॉडीला टेकली तर आग फ्यूजच्या अलीकडे लागू नये म्हणून. काकांनी हे सांगताना एका जळालेल्या वायरचा तुकडा दाखवला. तो त्यांनी खास त्यासाठीच खिळ्याला टांगून ठेवलाय.

दुसऱ्या रविवारी लाइन जोडली. कॉम्प्रेसरमधून हवा गरम येते म्हणून सुरुवातीला जाळीदार स्टीलचा पाइप, पुढे साधा. शेवटी बंपरमागे क्विक कपलर. टाकी लावली नाही. टायर भरायला ती लागत नाही, आणि ट्रकसारखा भोंगा वाजवायची हौस आम्हाला नव्हती. मध्ये प्रेशर स्विच. लाइन भरली की मोटर आपोआप थांबते, दाब उतरला की पुन्हा सुरू होते.

बटण दाबलं. टर्रर्र... थांबली. टाळ्या! आणि वीस सेकंदांनी कुणी हात न लावता पुन्हा टर्रर्र. थांबली. पुन्हा टर्रर्र. कुठेतरी गळत होतं. साबणाचं पाणी लावलं, फेस आला कपलरच्या जोडावर. खोललं, टेफ्लॉन टेप गुंडाळली, आवळलं. टर्रर्र. आणखी टेप. टर्रर्र. चहा झाला, वडापाव झाला. काका हळूहळू मशीनच्या देशाला शिव्या द्यायला लागले.

तेवढ्यात शटरखालून बाबा वाकून आत आले. हातात आईने दिलेला डबा. म्हणाले, ‘दोन वाजले. जेवायचं नाही का?’ जिप्सीकडे बघितलंच नाही. पण आवाज ऐकला. टर्रर्र.

एक सांगायचं राहिलं. बाबा चौतीस वर्षं याच भोसरीत टूलरूममध्ये होते.

त्यांनी डबा ठेवला, चष्मा चढवला आणि हात पुढे केला. दादाने पितळी निपल त्यांच्या तळहातावर ठेवलं. बाबांनी टेप सोलून काढली, आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग कॉम्प्रेसरकडच्या तोंडातून बोट फिरवलं. ‘किती आटे बसले?’ ‘तीन,’ दादा म्हणाला. ‘मग आवळून बसवलंस.’ ‘हो.’ बाबा म्हणाले, ‘हे बीएसपी आहे. ते एनपीटी. पाव इंचीला याला इंचात एकोणीस आटे, त्याला अठरा. तीन आटे जाईपर्यंत दोघं गोड बोलतात, मग अडकतात. टेप लावून लग्न टिकत नाही.’

सहा महिन्यांतलं जिप्सीबद्दलचं त्यांचं हे पहिलं वाक्य. मी काहीतरी बोलणार होते, पण दादाने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प डबा उघडला. जेवण झाल्यावर बाबा दोन गल्ल्या पलीकडे एका जुन्या ओळखीच्या शटरखाली शिरले आणि पंधरा मिनिटांनी बरोबर आट्यांचं निपल घेऊन आले. बटण दाबलं. टर्रर्र... थांबली. आम्ही चौघं बॉनेटवर वाकून ऐकत उभे होतो. एक मिनिट. पाच मिनिटं. काहीच नाही. शांतता ऐकायला इतकी मजा येते?

तिसरा रविवार चाचणीचा. इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी उतरते. पंधरावरून तीसवर यायला एका चाकाला दीड मिनिट लागलं. खर्चाचं विचाराल तर माझ्या चार लेखांचं मानधन असं लिहिणार होते. हिशेब केला तर चौदाचं निघालं.

जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा खुरीला गेलो. बाबा येतील का, हे आम्ही विचारलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी ते खाली उतरले, मागच्या सीटसमोरच्या लोखंडी बारला दादाने लावलेला फोम दोनदा दाबून बघितला आणि वर जाऊन बॅग भरायला लागले.

या वेळी वाळूच्या आधीच थांबलो. हवा पंधरावर आणली, रुतल्यावर नाही, रुतायच्या आधी. मनात जराही चलबिचल नाही. आणि गाडी अक्षरशः तरंगली! फक्त दोन गोष्टी पाळायच्या: झटकन वळायचं नाही, कारण इतक्या कमी हवेत टायर रिमवरून सुटू शकतो, आणि सेवणच्या गवतावर चाक घालायचं नाही. जवळच ३,१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे, आपल्या सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य आहे तो माळढोक इथे अजून तग धरून आहे. त्याचं घर म्हणजे हे गवत. सुट्ट्या वाळूत उमटलेली चाकं वारा रात्रीत पुसतो, गवतातली नाही. (हे वाचून कोकणातल्या बीचवर गाडी घालायचा विचार करणाऱ्यांनी तो तिथेच सोडावा. पोलीस गुन्हे दाखल करतात, आणि बरंच करतात.)

मध्ये एक दिवस लोंगेवालाला गेलो. १९७१च्या डिसेंबरात, ४ आणि ५ तारखेमधल्या रात्री, पाकिस्तानचे रणगाडे आणि गाड्या इथल्या वाळूत रुतल्या आणि सकाळी जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांच्या तावडीत सापडल्या. तिथे ठेवलेल्या रणगाड्याच्या पट्ट्याला बाबांनी हात लावून बघितलं आणि म्हणाले, ‘यातली हवा काढता येत नाही ना, तोच प्रॉब्लेम.’

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा तोच डांबराचा कडा. सूर्य खाली गेला होता. मी बॉनेट उघडलं, पाइप जोडला, बटण दाबलं. टर्रर्र. गेज बाबांच्या हातात. एका चाकाजवळ उकिडवे बसायचे, आकडा वाचायचे, व्हॉल्व्हची टोपी स्वतः लावायचे आणि पुढच्या चाकाकडे. ‘अठ्ठावीस... एकोणतीस... तीस. बस.’ चौथं झालं. आठ मिनिटंही लागली नाहीत. मी पाइप गुंडाळायला घेतला.

‘स्टेपनी?’ बाबा म्हणाले.

मी गाडीमागे गेले, गेज लावलं. काटा बावीसवर थांबला. बाबांनी काही न बोलता पाइपचं टोक माझ्या हातात दिलं.