मणिबेलीच्या दिव्याचें गणित

नर्मदाकाठच्या मणिबेली गांवीं एका घरांत लावण्यासाठीं आमच्या नातवानें सौर दिवा करावयास घेतला आहे. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. १९९३ च्या पावसाळ्यांत मणिबेलीचीं घरें सरदार सरोवराच्या पाण्यानें बुडालीं. त्या धरणाच्या विजेंत महाराष्ट्राचा वाटा शेंकडा २७. पण तिकडील पाड्यांवर तारेची वीज दीर्घकाळ पोहोंचली नव्हती. अशा ठिकाणीं बॅटरी अति उपसून मेली कीं नवीसाठीं डोंगर उतरणें आलें. म्हणून ती क्षीण होतांच दिवा आपोआप विझला पाहिजे.

ही राखण ऑप-अँपकडे आहे. दोन इनपुटांवरील दाबांचें अंतर सुमारें लाखपट करणारा हा इवलासा तुकडा! वजा इनपुटावर झेनर डायोडचा स्थिर ५.६ व्होल्ट दाब. अधिक इनपुटावर १०-१० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनीं निम्मा केलेला बॅटरीचा दाब. शिवाय आउटपुटापासून अधिक इनपुटाकडे १०० किलोओहमचा एक रेझिस्टर.

चिरंजीवांनीं तो शेवटचा रेझिस्टर पाहिला आणि पाठ केलेला नियम लाविला: फीडबॅक असेल तर दोन्ही इनपुटांचे दाब समान. बॅटरी १२.४ व्होल्ट धरतां आउटपुट आलें उणें ६.४ व्होल्ट! उणा दाब आणावयाचा कोठून? मंडलांत तो नाहींच.

आम्ही मॅट्रिक, जन्म संस्कृत शिकविण्यांत गेलेला. परंतु व्याकरणांतही निमित्तावांचून कार्य होत नाहीं, म्हणून आम्ही विचारलें, “या नियमाचें निमित्त काय?” त्यानें पुस्तक उघडलें. निमित्त ऋण फीडबॅक! तो वजा इनपुटाकडे येऊन अंतर मिटवितो. येथला अधिक इनपुटाकडे येतो, अंतर वाढवितो. आउटपुट एका टोंकास जाऊन बसतें.

मग गणित दोन टोंकें धरून पुन्हां केलें. दिवा १०.८ व्होल्टांच्या सुमारास विझतो, ११.८ च्या सुमारास पुन्हां पेटतो. मधल्या अंतरामुळें लुकलुक टळते. कारण भार सुटतांच बॅटरीचा दाब थोडा चढतो.

ट्रान्झिस्टराचें मात्र लवकर उरकलें. दिव्यास २०० मिलिअँपिअर लागतात. शंभरपट वृद्धि धरून नातू बेसला २ पुरे म्हणत होता. पूर्ण उघडलेल्या स्विचाला तें कमीच. १ किलोओहम घालून १० दिले आहेत. डब्यासाठीं आमच्या घरांतून बिस्किटांचा जुना डबा मिळाला आहे.