पाचाचे बारा

३१ डिसेंबर २०२१, शुक्रवार. सुरतच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. कापडावरचा जीएसटी १ जानेवारीपासून पाचावरून बारा टक्क्यांवर जाणार होता. अधिसूचना नोव्हेंबरातच निघाली होती. व्यापाऱ्यांनी निवेदनं दिली, बंद पाळला, काही हललं नव्हतं. उधन्याच्या आमच्या ऑफिसात मी आमच्या सॉफ्टवेअरची बारा टक्क्यांची बिल्ड तयार करून, रात्री बाराच्या ठोक्याची वाट बघत बसले होते.

दुपारी दिल्लीहून बातमी आली. जीएसटी परिषदेच्या ४६व्या बैठकीत कापडाची दरवाढ पुढे ढकलली. चपला-बुटांना १ जानेवारीपासून बारा लागले, कापड पाचावरच राहिलं. खाली चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. त्यात लूमवाले होते, दलाल होते, टेम्पोवाले होते. मलाही आनंद झाला. माझे आबा शिरपूरहून इथे आले ते लूमच्या खात्यात कामाला. लिंबायतच्या आमच्या गल्लीत निम्मी घरं कापडावरच जगतात. हा सात टक्क्यांचा फरक कुणाच्या ताटातून गेला असता, ते मला सांगावं लागत नव्हतं.

आमचं सॉफ्टवेअर कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी होतं. बिलं, चलान, ग्रे कापडाचा ताक्यांचा हिशेब, डाईंग मिलला पाठवलेल्या मालाचं जॉबवर्क, रिपोर्ट असं सगळं त्यात होतं. एकच वेब ॲप्लिकेशन, पण आतून पाच मॉड्यूलं : कोअर, बिलिंग, जॉबवर्क, रिपोर्ट आणि वेब. पहिल्या चारांची प्रत्येकी वेगळी जार फाइल तयार होते आणि शेवटी वेब मॉड्यूल त्या सगळ्या एका वॉर फाइलीत भरतं. हे बांधकाम मेव्हन नावाचं साधन करतं. सगळ्यांच्या वर एक पालक पोम फाइल असते. तिच्यात एखादी किंमत एकदा लिहायची, खालच्या मॉड्यूलांच्या प्रॉपर्टीज फाइलींत त्या जागी डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंसात फक्त नाव लिहायचं. बांधताना मेव्हन नावाच्या जागी किंमत भरून देतं. याला फिल्टरिंग म्हणतात. कापडाचा दर असा पालक पोममध्ये होता.

मी तिथे बाराचे पाच केले, नव्याने बांधलं, माझ्या मशीनवर बिल काढून पाहिलं. पाच टक्के आले. संध्याकाळपर्यंत आमच्या अकराही पार्ट्यांकडे, म्हणजे ग्राहकांकडे, नवी वॉर फाइल चढवली आणि घरी गेले.

शनिवारी सकाळी साडेदहाला फोन. "भाई, आ बार टका क्यांथी आव्या?" सुरतेत 'भाई' बाईलाही म्हणतात. मिलेनियम मार्केटच्या बाजूच्या एका पार्टीने तोवर चौदा बिलं फाडली होती, सगळी बारा टक्क्यांची. त्यांची उलाढाल पन्नास कोटींच्या वरची, म्हणजे तेव्हाच्या नियमाने ई-इन्व्हॉइस बंधनकारक. ही बिलं सरकारी पोर्टलवर नोंदली गेली होती, आणि तिथे ती रद्द करायला चोवीसच तास मिळतात. ई-वे बिलांचंही तसंच. खाली टेम्पो भरून उभे होते. समोरच्या पार्टीने आदल्या दिवशी टीव्हीवर पाच टक्के ऐकलेले, आणि आज हातात बारा टक्क्यांचं बिल. या बाजारात बोलण्यावर माल जातो. असं बिल म्हणजे सरळ सरळ फसवणूक वाटते.

अर्ध्या तासात आणखी दोघांचे फोन आले. बाकी आठ जणांकडे सगळं ठीक चालू होतं. वॉर फाइल मात्र सगळीकडे तीच, एका बाइटचाही फरक नव्हता.

मी त्या पहिल्या पार्टीच्या सर्व्हरवर शिरले आणि एकेक जार उघडली. जार म्हणजे शेवटी झिपच. बिलिंगच्या जारमध्ये कराच्या दरांची फाइल होती, तिच्यात कापडासमोर पाच. जॉबवर्कच्या जारमध्येही फाइल होती. तेच नाव, त्याच फोल्डरात, आणि तिच्यात कापडासमोर बारा. ते बारा माझ्याच हाताने डिसेंबरात लिहिलेले होते, हे मला तेव्हा आठवलं.

त्याची गोष्ट आणखी दोन वर्षं मागे जाते. जॉबवर्कची चलानं डाईंग मिलला गुजरातीत छापून हवी असत, म्हणून त्या मॉड्यूलमध्ये आम्ही गुजराती फॉण्टची फाइल ठेवली होती. (गुजराती शब्द प्रॉपर्टीज फाइलीत ठेवणं हाही तेव्हा छळच. आम्ही वापरत होतो त्या जावाच्या जुन्या आवृत्तीत या फाइली लॅटिन लिपीच्या चौकटीतच वाचल्या जात, म्हणून प्रत्येक चिन्हासाठी सहा चिन्हांचा संकेत लिहायचा. 'कापड' हा चार चिन्हांचा शब्द फाइलीत चोवीस चिन्हांचा व्हायचा.) एके दिवशी चलानावर अक्षरांऐवजी चौकोन छापले जायला लागले. कारण शोधताना कळलं की फिल्टरिंग आंधळं असतं. मजकूर समजून ते फॉण्टची फाइलही उघडतं आणि परत लिहिताना तिची मोडतोड करतं. चित्रांचे नेहमीचे प्रकार मेव्हन आपण होऊन वगळतं, फॉण्ट वगळत नाही. तो वगळायला सांगायची एक ओळ असते. ती आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती. घाईत आम्ही अख्ख्या मॉड्यूलचंच फिल्टरिंग बंद केलं आणि दराच्या जागी आकडा हाताने लिहून टाकला. पाच.

दोन्हीकडे पाच होते तोवर दोन फाइलींपैकी कोणती वाचली जाते, हे कळायला मार्गच नव्हता. डिसेंबरात मी दोन्हीकडे बारा केले. एकतीस तारखेला धावपळीत पालक पोम तेवढी बदलली.

मग आठ जणांकडे बरोबर आणि तिघांकडे चूक असं का? हे शोधायला मला दुपार लागली, आणि ते कळलं तेव्हा अंगावर काटा आला. एकाच नावाच्या दोन फाइली असल्या की जावा जी आधी सापडेल ती उचलते. आमचं ॲप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट सर्व्हर सातव्या आवृत्तीपर्यंत जार वर्णानुक्रमे लावून घेई, आठव्यापासून त्याने ते सोडलं. संगणक ज्या क्रमाने यादी देईल तो क्रम. माझ्या मशीनवर आणि त्या आठ जणांकडे विंडोज होतं. तिथे यादी वर्णानुक्रमे येते, म्हणून बिलिंग आधी. तिघांचे सर्व्हर लिनक्सचे. तिथल्या फाइलव्यवस्थेत अशी हमी नाही, आणि त्या तिन्ही सर्व्हरांवर जॉबवर्क आधी आलं. म्हणजे कुणाच्या बिलावर किती कर लागणार, हे डिस्कवरच्या यादीचा क्रम ठरवत होता. मी केलेली तपासणी खोटी नव्हती, पण ती फक्त माझ्या मशीनबद्दल खरी होती.

तात्पुरता इलाज लगेच झाला. वॉर उलगडल्यावर तिच्यात क्लासेस नावाचं एक फोल्डर असतं आणि ते सगळ्या जारच्या आधी वाचलं जातं, हा नियमच आहे. तिथे बरोबर दराची फाइल ठेवली आणि सर्व्हर परत चालू केला. मग मी स्वतः त्या पहिल्या पार्टीच्या दुकानात गेले. शेठ काही बोलले नाहीत. त्यांच्या मुनीमजींच्या शेजारी बसून चौदाही बिलं रद्द केली, नवी काढली, प्रत्येकाची छापील प्रत ताडून पाहिली. रात्रीचे आठ वाजले. शेवटचा टेम्पोवाला सकाळपासून थांबला होता. त्याच्या त्या दिवसाच्या भाड्याचा हिशेब कुठल्याच मॉड्यूलमध्ये नव्हता.

घरी आबांना सगळं सांगितलं. आबांनी आयुष्याची बरीच वर्षं जॅकार्डवर काढली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर चढवायची आणि तीच लूम वेगळी बुट्टी विणायला लागते. ते म्हणाले, "डिझाइन बदलाले लूम तोडनं पडस का वं?" आम्ही दर वेळी तेच करत होतो. दिल्लीत ठरणारा आकडा आम्ही उधन्यात जारच्या आत शिवून टाकत होतो, आणि तो बदलला की अख्खं ॲप्लिकेशन परत बांधत होतो. जीएसटी आला १ जुलै २०१७ला. त्याच ऑक्टोबरात मानवनिर्मित धाग्याचा दर अठरावरून बारावर आला. दर बदलतात हे आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

जानेवारी महिना मी त्याच कामाला लावला. बांधणी अशी केली की दोन जारमध्ये एकाच वाटेवर एकाच नावाची फाइल सापडली तर ती तिथेच थांबते. प्रत्येक मॉड्यूलच्या फाइलीला त्या मॉड्यूलचं नाव दिलं. फॉण्ट वगळायची ती एक ओळ पालक पोममध्ये घातली. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, छपाईयंत्राचं नाव हे सगळं वॉरच्या बाहेर, त्या त्या सर्व्हरवर ठेवलं. हेरोकूच्या ॲडम विगिन्स यांनी २०११च्या सुमारास मांडलेल्या बारा सूत्रांत हे स्पष्ट आहे : जागेगणिक बदलणारी गोष्ट कोडपासून वेगळी ठेवा. मी ते वाचलं होतं, पटलंही होतं.

मात्र सगळंच बाहेर काढा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कोणतं मॉड्यूल कुणावर अवलंबून आहे, कोणत्या पत्त्याला कोणतं पान उघडायचं, हे कोडबरोबरच राहिलं पाहिजे, कोडबरोबरच तपासलं गेलं पाहिजे. ते बाहेर ठेवलं की अकरा सर्व्हरांवर अकरा तऱ्हा होतात. आणि कराचा दर तर कॉन्फिगरेशनसुद्धा नाही. त्याला तारीख असते. डिसेंबरच्या बिलाचा माल फेब्रुवारीत परत आला तर त्याला डिसेंबरचा दर लागतो. फाइलीतला एकटा आकडा हे कसं सांगणार? म्हणून दर डेटाबेसच्या तक्त्यात गेले : वस्तू, दर, कधीपासून, कधीपर्यंत.

सप्टेंबर २०२५मध्ये परिषदेने मानवनिर्मित धाग्याचा दर बारावरून पाचावर आणला, २२ तारखेपासून. त्या दिवशी घटस्थापना होती. आठवडाभर आधीच मी तक्त्यात एक ओळ घालून ठेवली होती : धागा, पाच, २२ सप्टेंबरपासून. काहीच बांधलं नाही, काहीच चढवलं नाही. तरी सकाळी नऊला मी त्या तीन लिनक्सवाल्या पार्ट्यांना आपण होऊन फोन केला आणि दिवसाचं पहिलं बिल वाचून दाखवायला सांगितलं.