न केलेल्या कर्माचें फळ

आमच्या कुरुंद्यांत सन २०२२ च्या जुलैंत अतिवृष्टि झाली आणि पुराचें पाणी घराघरांत शिरलें. ज्यांच्या घरीं एक दिवा व एक पंखा, त्यांच्याही चुली विझल्या.

आमच्या दर्शनकारांनीं कर्मविचारांत दोन दोष मानले आहेत. केलेल्याचें फळ न मिळणें तो कृतनाश. न केलेल्याचें फळ पदरीं येणें तो अकृताभ्यागम. हा दुसरा दोष आम्हीं त्या चिखलांत प्रत्यक्ष पाहिला.

एकाच पुराचा सारा दोष तापमानवाढीवर लादणें न्यायाचें नव्हे. तथापि हवा एका अंशानें तापली कीं ती सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरते, आणि मोठ्या पावसाचा जोर वाढतो, हें शास्त्रसिद्ध आहे. ही उष्णता वाढते ती मुख्यत्वें कोळसा व तेल जाळल्यानें. दगडी कोळशापासून एक युनिट वीज होतांना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत मिसळतो. आपल्या मराठवाड्यांतील परळीचें वीजकेंद्र कोळशावरच चालतें. २०१५ सालीं पाण्याच्या दुर्भिक्षामुळें तेंच बंद ठेवावें लागलें होतें!

हें दुर्दैव केवळ खेड्यांचें, असें कोणीं समजूं नये. भूमध्य समुद्राकांठच्या ग्रीस देशानें कित्येक वर्षें लिग्नाइट नामक हलका कोळसा जाळून वीज केली. तेथें २०२३ च्या ऑगस्टांत एव्रोस प्रांतांतील अरण्यें पेटलीं, आणि पुढच्याच महिन्यांत थेसालीचीं सुपीक शेतें पुरानें बुडालीं. आतां तो देश वारा व सूर्य यांच्याकडे वळला आहे.

आमच्या सूनबाईंनीं विचारलें, “मामंजी, आपण दोन दिवे मालवल्यानें कोळसा तो कितीसा वांचणार?” प्रश्न रास्त आहे. वांचेल तो थोडाच. परंतु “बिल आम्ही भरतों, मग जळेना कां!” हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. बिलानें विजेची किंमत फिटते. शेजाऱ्याच्या घरांत शिरलेल्या पाण्याची फिटत नाहीं.

म्हणून आमच्या घरीं रिकाम्या खोलींत पंखा फिरत नाहीं, स्नानाचें पाणी उन्हावर तापतें, आणि गच्चीवर सौर तावदानें बसविण्याचा विचार चालू आहे. मुलांच्या अभ्यासाचा दिवा मात्र कोणीं मालवूं नये. काटकसर करावी ती चैनींत, विद्येंत नव्हे.