मुळेच्या काठाने

पुण्याहून पिरंगुटमार्गे पौडला यावे आणि तसेच पुढे मुळशी धरणावर. हे धरण टाटांचे. ते होऊ नये म्हणून सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी १९२१ साली सत्याग्रहाला उभे राहिले. तरी धरण झालेच. १९२७ पासून तलावाचे पाणी भिऱ्याच्या वीजघराकडे, म्हणजे कोकणात उतरते. मुळेचे बरेचसे पाणी असे मुळेत राहतच नाही. पावसाळा सरला की खाली धार बारीक होते. हे ध्यानात ठेवा.

पुढे नदी पुण्यात मुठेला मिळते आणि मुंढव्यावरून जाते. तिथे १८८५ च्या सुमारास कागदाची गिरणी निघाली. कागदाला पाणी फार लागते, म्हणून असल्या गिरण्या नदीकाठीच बसतात. चिपाड किंवा लाकूड सोड्यात शिजवले की लगदा निघतो आणि काळे पाणी उरते. ते शुद्ध न करता कुठल्याही नदीत सोडले, तर मासे नुसत्या विषाने मरतात असे नाही. ते गुदमरतात. पाण्यातली घाण जंतू खातात आणि खाताना विरघळलेला प्राणवायू संपवतात. लिटरभर स्वच्छ पाण्यात तो असतोच जेमतेम ८ मिलिग्रॅम! धार मोठी असली तर घाण पातळ होते, बारीक धारेत ती तशीच राहते. शिवाय लगद्याचे तंतू तळाच्या गोट्यांवर गोधडीसारखे पसरतात. कित्येक माशांची अंडी आणि त्यांच्या खाण्यातले किडे त्या गोट्यांतच असतात.

“मासे तर आहेत की!” असे कोणी म्हणाले तर कोणते, ते विचारावे. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते, चिलापीही घाण पाणी सोसते. बाकीचे जातात. फ्रेझर यांनी १९४२ साली पुण्याच्या माशांची यादी छापली होती. २००३ च्या सुमारास अभ्यासकांनी पुन्हा शोध घेतला, तेव्हा जुन्यांपैकी कित्येक मासे सापडले नाहीत. अर्थात यात कागदापेक्षा शहराच्या मैल्याचा वाटा फार मोठा.

आपल्या नदीवर पहाटे मासे तोंड वर काढून तडफडताना दिसले, तर गुरे पाण्यावर सोडू नयेत. बाटलीभर पाणी लगेच भरून ठेवावे, वेळ टिपावी आणि ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे. १९७४ च्या कायद्याने तपासणी करणे हे त्यांचे कामच आहे.