कोराडीहून खैरलांजी किती दूर?

विहारात वंदना घेऊन आम्ही आठ जण सकाळी सात वाजता कोराडीहून निघालो. सोबत चार महिला आणि दोन शाळकरी मुली. वीज केंद्राच्या चिमण्या मागे पडल्या. कामठी, मौदा, भंडारा, वरठी, मोहाडी असा रस्ता. सहलीला नेतो तसे डबे घेतले होते, पण गाडीत कोणी गाणे म्हटले नाही. जायचे होते खैरलांजीला.

भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. सप्टेंबर महिना, बांध्या हिरव्यागार, कालव्याला पाणी. इतक्या शांत शिवारात काही वाईट घडले असेल असे परक्या माणसाला वाटणारही नाही. याच गावात 29 सप्टेंबर 2006 रोजी संध्याकाळी जमावाने सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका आणि मुलगे सुधीर व रोशन यांना ठार मारले. प्रेते कालव्यात टाकली. कुटुंबातले भैयालाल तेवढे वाचले.

या घराचा गुन्हा काय? स्वतःचे शेत कसले. मुलांना शिकवले. शेतातून रस्ता काढण्यास विरोध केला. आपल्या नातेवाइकाला झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाबाई साक्षीला उभ्या राहिल्या. त्या प्रकरणातील आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी हे घडले. गावात बौद्धांची घरे अगदी थोडी. हाक मारली तरी धावून येणार कोण?

कालव्याच्या काठावर आम्ही मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील घेतले. तेवढ्यात सोबतच्या मुलीने आईला विचारले, "आई, तेव्हा आपण कुठे होतो गं?"

आई गप्प. आम्हीही गप्प. कारण उत्तर आम्हाला ठाऊक होते. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, 2 ऑक्टोबर 2006 ला, विजयादशमी होती. धम्मदीक्षेला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा. पांढरे कपडे घालून, लेकरांना खांद्यावर घेऊन आम्ही दीक्षाभूमीवर होतो. भंडारा नागपूरपासून जेमतेम 60 किलोमीटर, पण बातमी आमच्यापर्यंत पोचली नव्हती. पोचली तेव्हा नोव्हेंबरात नागपूर रस्त्यावर उतरले.

पुढे भंडाऱ्याच्या न्यायालयाने 2008 साली आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. 2010 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून 25 वर्षांचा कारावास दिला. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी लावला नाही. भैयालाल 2017 च्या जानेवारीत नागपुरात वारले.

परतताना अंधार पडला. दुरून कोराडीचे दिवे दिसू लागले. आमच्या गावची वीज कुठल्या कुठे जाते, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या आपल्या माणसाची हाक आम्हाला ऐकू आली नाही!

दीक्षाभूमीवर जाणे आपले कर्तव्यच आहे. पण ज्या खेड्यात आपली दोन-तीनच घरे आहेत, तिथेही वर्षातून एकदा तरी गेले पाहिजे. प्रत्येक शहरी विहाराने अशा घरांची यादी करावी. मुलांची चौकशी करावी, जमिनीचा तंटा असेल तर वकील गाठून द्यावा. शत्रू येण्याआधी आपला माणूस त्या दारात पोचावा. आमच्या विहाराने पुढच्या रविवारी यादीला सुरुवात केली. पहिले नाव त्याच मुलीने लिहिले, तिच्या मामाच्या गावचे.