पाणी फिरत नव्हते

शव्वाल लागला की आमच्याकडे लग्नांची रांग लागते. २०२४ ची रमजान ईद ११ एप्रिलला झाली आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत माझ्याकडे चार लग्नांचे काम आले. मी सोलापुरात घरी बसून लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करते, तेही फक्त बायकांच्या बाजूचे. मेहंदी, हळद, मुलींची गाणी, नवरीचा साज. हे शूटिंग बाईच करते आणि ते कापायला-जोडायलाही बाईच हवी, असा अनेक घरांचा आग्रह असतो. मेमरी कार्ड हातात देताना नवरीची आई एकच गोष्ट सांगते, "बाजी, किसी के हाथ में जाने नको देना." माझे सगळे काम या एका विश्वासावर चालते. पैसे नंतर.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझा कॉम्प्युटर आजारी पडला. तासाभराची फिल्म एक्स्पोर्ट करायला पूर्वी चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागत, तिला तीन तास लागू लागले. मग एके दिवशी दुपारी, काम अर्ध्यावर असताना, स्क्रीन काळी झाली आणि मशीन बंद. ना काही सूचना, ना काही आवाज. पुन्हा चालू केला, पुन्हा दहा मिनिटांत बंद.

पहिला संशय विजेवर गेला. उन्हाळ्यात व्होल्टेज खालीवर होतेच. शेजाऱ्यांचा यूपीएस आणून लावला, फरक नाही. विंडोजच्या नोंदवहीत पाहिले तर 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद. मला वाटले, सापडला चोर! पण ही नोंद एवढेच सांगते की मशीन रीतसर बंद न होता अचानक बंद पडले. ते तर मी डोळ्यांनी पाहिलेच होते.

दुसरा संशय हवेवर. पारा ४२ च्या वर होता. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला, समोर टेबल फॅन लावला, खिडकीला ओला पडदा सोडला. धूळ झाडली. मशीन पाच मिनिटे जास्त चालले आणि पडले.

मग रिक्षात घालून दुकानात नेले. तिथल्या मुलाने प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसून नवी लावली, तीनशे रुपये घेतले. तरीही मशीन बंद पडले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, प्रोसेसर गेला. बोर्डही बघावा लागेल. बावीस हजार धरून चाला. मशीन चार दिवस ठेवून जा."

बावीस हजारांपेक्षा 'ठेवून जा' या शब्दांनी माझ्या पोटात गोळा आला. माझी विंडोजही त्याच एसएसडीवर आणि चार घरांच्या लेकी-सुनाही त्याच एसएसडीवर. मी म्हटले, डिस्क काढून घेते. तो म्हणाला, "मग टेस्ट कशावर करू?" तो मुलगा वाईट नव्हता. पण माझ्याकडे जे होते ते माझे नव्हते, अमानत होती. मशीन मांडीवर घेऊन तशीच परत आले. (घरून असे काम करणाऱ्या भगिनींनी माझ्यासारखे करू नये. विंडोज एका डिस्कवर आणि लोकांचे काम दुसऱ्या डिस्कवर ठेवावे. मशीन दुरुस्तीला देताना दुसरी डिस्क काढून कपाटात ठेवता येते. मला ही अक्कल त्या दिवसानंतर आली.)

आता जे लिहायचे आहे ते लिहायला जड जाते. हे मशीन २०२१ साली माझ्या भाच्याने, भाईजानच्या मुलाने, पुण्यातून जुने घेऊन दिले होते. अठ्ठेचाळीस हजार मी त्याच्या हातात रोख दिले होते. त्या संध्याकाळी मी भाभीला फोन केला आणि तोंडात आले ते बोलले. पोराने कुठल्या भंगारातले उचलून माझ्या गळ्यात मारले, मध्ये किती ठेवले त्याचे त्यालाच ठाऊक, असे. भाभी काही बोलली नाही. मकतबमध्ये लहान मुलींना मीच सूरह हुजुरात शिकवते. त्यात फार गुमान करण्यापासून रोखले आहे, हे मला चांगले माहीत होते. पण रागात माणूस स्वतःच शिकवलेले विसरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा मेसेज आला. नेहमीचा 'सलाम फुप्पी' नाही. 'एचडब्ल्यू-इन्फो टाका. सीपीयू पॅकेजचा आकडा दिसेल. काम न करता किती, आणि एक्स्पोर्ट दाबल्यावर किती सेकंदांत किती, ते कळवा.' म्हणजे भाभीने सांगितले होते.

मी आकडे पाहिले. नुसते चालू असताना ७८. एक्स्पोर्ट दाबले आणि मोजू लागले. नवव्या सेकंदाला १००.

माझा प्रोसेसर इंटेलचा आय-सेव्हन ८७०० के. ऑक्टोबर २०१७ मध्ये बाजारात आलेला, सहा कोअरचा. त्याची मर्यादा १०० अंशांची. तिथे पोहोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, म्हणून तर फिल्मला तीन तास लागत होते. वेग कमी करूनही भागले नाही की जीव वाचवायला मशीन बंद करतो. म्हणजे जे मला आजारपण वाटत होते, तो त्याचा बचाव होता. या प्रोसेसरच्या खोक्यात कंपनी कूलर देतच नाही, वेगळा घ्यावा लागतो. माझ्या मशीनला आधीच्या मालकाने पाण्याचा कूलर लावला होता. प्रोसेसरवर तांब्याची चकती, तिच्या आत केसासारख्या बारीक खाचा, डोक्यावर छोटा पंप. दोन रबरी नळ्यांतून पाणी वर रेडिएटरमध्ये जाते, तिथे दोन पंखे ते थंड करतात आणि ते परत खाली येते. साधे पाणी नसते ते, गंज धरू नये म्हणून त्यात औषध मिसळलेले असते.

भाच्याने पुढचा प्रश्न विचारला, 'रेडिएटरमधून बाहेर येणारी हवा गरम आहे का?' मी कॅबिनेटच्या वर हात धरला. खोलीत होती तशीच हवा. मी खुशीत कळवले, 'नाही, छान आहे!'

त्याचे उत्तर आले, 'मग उष्णता तिथपर्यंत पोहोचतच नाही.'

मी तो मेसेज दोनदा वाचला. खाली १०० अंशांची भट्टी आणि वर पंखे थंड रेडिएटरला वारा घालत बसलेले. त्याने पुढे समजावले, ते मला फार उपयोगी वाटले. रेडिएटरवर धूळ बसली असती किंवा खोलीच्या गर्मीमुळे झाले असते, तर आधी सगळे पाणी तापावे लागते. पाणी हळूहळू तापते, म्हणून आकडाही आठ-दहा मिनिटांत चढतो. नऊ सेकंदांत १०० म्हणजे प्रोसेसरची उष्णता पाण्यात जातच नाही, किंवा पाणी जागचे हलत नाही. पेस्ट नवी लावून झाली होती. उरला पंप.

पण पंप बिघडला असता तर कॉम्प्युटरने सांगितले नसते का? मी तेच विचारले. पंख्यांचे फेरे तर बाराशे-तेराशे दिसत होते! त्याचे म्हणणे, बोर्डाला जोडलेले आहेत ते रेडिएटरचे पंखे. पंपाला वीज थेट एसएमपीएसमधून मिळते, त्याचे फेरे बोर्डाला कळतच नाहीत. त्यामुळे तक्रार करणारे कोणीच नव्हते.

असरनंतर अब्बा आले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली. कॉम्प्युटरला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. रेडिएटर हा शब्द कानावर पडला तसे चष्मा लावून जमिनीवर बसले. आधी दोन्ही नळ्या चिमटीत धरल्या, खालून वर चाचपत गेले. पंपाजवळ चटका बसावा इतकी गरम, वीतभर वर कोमट, आणि रेडिएटरला लागते तिथे थंड. "पानी फिरताच नै इसमें," म्हणाले. गाडीचा वॉटर पंप गेला की असेच होते, इंजिन उकळते आणि रेडिएटरचा खालचा होज थंड राहतो.

मग त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर मागितला. त्याचे टोक पंपाच्या टोपीवर टेकवले आणि मुठीला कान लावला. बेअरिंग ऐकायची ही जुनी पद्धत. मलाही ऐकवले. चालू पंपाची बारीक, एकसारखी गुणगुण येते म्हणे. इथे थोडी खरखर, मग शांत, मग पुन्हा खरखर. वीज नीट येते का हे बघायला एसएमपीएसची दुसरी वायर लावून पाहिली. तेच.

"हवा धरलीय पंपाने," अब्बा म्हणाले. या कूलरच्या नळ्या रबरी असतात. वर्षानुवर्षे त्यांतून थेंब-थेंब पाणी उडून जाते आणि आत हवेचा बुडबुडा तयार होतो. अब्बांनी मशीन चालू ठेवूनच कॅबिनेट सावकाश आडवे केले, पुन्हा उभे केले, नळ्यांवर बोटांनी टिचक्या मारल्या. आतून हुक्क्यासारखी खुळखुळ आली. मी स्क्रीनकडे पाहत होते. ७९... ७१... ६०... ४८. एखाद्याचा ताप उतरताना पाहावे तसे. नळ्या पूर्ण लांबीभर कोमट झाल्या, वरून गरम वारा येऊ लागला.

प्रोसेसर ठीक होता. बोर्ड ठीक होता. बावीस हजार वाचले होते.

दहाएक मिनिटांत पुन्हा खरखर आणि आकडा वर. पंप मरायला टेकलाच होता. त्या दहा मिनिटांत काय करायचे हे मात्र मला तत्काळ कळले. बाहेरची हार्ड डिस्क जोडली आणि चारही लग्ने उतरवायला लागले. एकूण १८० जीबी. अब्बा कॅबिनेट कलते करायचे, पंप जागा व्हायचा, मी कॉपी चालू करायची, आकडा ९० ला टेकला की थांबवायचे. चार हप्त्यांत सगळे उतरले. मगरिबची अजान झाली तेव्हा शेवटची फाइल चालली होती. ती उघडून पाहिली, मग वजू करायला उठले.

अब्बांचे म्हणणे होते, टोपी खोलून कूलंट भरू, कशाला खर्च? भाच्याने फोनवर नाही म्हटले. असा कूलर कारखान्यातूनच बंद करून येतो, भरायला तोंड नसते. खोलून नळाचे पाणी घातले तर बारीक खाचांत क्षार बसतात, आणि तांबे व ॲल्युमिनियम एकत्र असल्याने गंजही लवकर धरतो. शिवाय कुठून गळले तर खाली बोर्ड आहे. नवा पाण्याचा कूलर घ्यावा तर सहा-सात हजार. त्याने साधा हवेचा कूलर सुचवला. तांब्याच्या नळ्या, पत्र्यांचा उंच मनोरा आणि एक पंखा. पंखा गेला तर दिसतो, ऐकू येतो आणि तीन-चारशे रुपयांत बदलतो. फक्त कॅबिनेटची रुंदी मोजून घ्यायला सांगितली, मनोरा उंच असतो, पत्रा बसत नाही. अडीच हजारांत आला. अब्बांनीच बसवला. बसवताना त्यांनी एकदाही विचारले नाही, मीच सूचनांचा कागद वाचत बसले होते. एक्स्पोर्ट लावला, ८१ वर चढला आणि तिथेच थांबला. त्या गर्मीत तेवढे पुष्कळ.

जुना कूलर अब्बांनी गॅलरीत नेऊन कापला, त्यांना राहवले नाही. आत तपकिरी रंगाचे पाणी, जेमतेम अर्धे. तांब्याच्या खाचांत चिखलासारखा गाळ.

त्या रात्री भाच्याला काय लिहावे ते सुचेना, म्हणून आमचे जुने मेसेज वर सरकवत गेले. २०२१ चा सापडला. मशीन पाठवले त्या दिवशीचा. 'सलाम फुप्पी. मशीन चांगले आहे पण कूलर वापरलेला आहे. असे पंप पाच-सहा वर्षे चालतात. सुरू करताना खुळखुळ ऐकू आली तर मला लगेच सांगा.' खाली माझा अंगठा.

खुळखुळ तर थंडीपासून येत होती. रोज सकाळी मशीन चालू केले की मिनिटभर. मला तो आवाज आवडायचा, घरात माशांची काचेची टाकी असावी तसा.

मी मेसेज लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. नमाजनंतर भाईजानच्या घरी फोन केला आणि भाभीला म्हटले, स्पीकरवर घे, सगळ्यांसमोर बोलले होते तसे सगळ्यांसमोर बोलायचे आहे. मी माफी मागितली. 'मध्ये ठेवले' या शब्दांचीही वेगळी मागितली. बराच वेळ तिकडून काही आले नाही. मग तो म्हणाला, "फुप्पी, आता आवाज कसा येतोय?"

मी फोन कॅबिनेटजवळ नेऊन धरला.

"पंखा जरा जोरात आहे," तो म्हणाला, "बायोसमधून कमी करता येईल. ईद-उल-अजहाला येईन तेव्हा करून देतो."

चारही लग्ने मेच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचती झाली. जुन्या रेडिएटरचे दोन पंखे अब्बांनी टाकू दिले नाहीत, कॅबिनेटच्या मागे लावलेत. चांगले चालतात.